गटार झाले, पाण्याचे काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते : आमच्या गल्लीत गटार करा. मागणी लिहून घेतली जाते, आराखड्यात बसवली जाते, निधी आला की सिमेंटचे गटार होते आणि विषय संपतो. गटाराचे शेवटचे टोक कुठे आहे आणि तिथे पोहोचलेले पाणी पुढे काय करते, हा प्रश्न अंदाजपत्रकात येत नाही, कारण अंदाजपत्रक मीटरवर चालते आणि टोकाशी थांबते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पाणी शेवटी कुठे मुरणार, कुठे साठणार आणि कोणाच्या पिकाला जाणार हे आधी ठरले पाहिजे; गटार त्यानंतर, आणि तेही लागेल तेवढेच बांधले पाहिजे. हा क्रम पाळला तर तीन-चार हजार वस्तीच्या गावाला सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी ना मोठी यंत्रे लागतात, ना न पेलणारा खर्च.

दुष्काळी जिल्ह्यात हा विषय काढला की ‘आधी प्यायला तर द्या’ असे उत्तर मिळते. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास सरासरी पाऊस, तोही मध्येच दगा देणारा, आणि उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहणारी माणसे, हे चित्र डोळ्यांपुढे असताना तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते उत्तर जुन्या परिस्थितीला धरून आहे. आडावरून किंवा हापशावरून घागरीने पाणी आणणाऱ्या घरात मोरीतून बाहेर पडणारे पाणी इतके थोडे असे की ते मागच्या आळूला आणि केळीलाही पुरत नसे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरातल्या नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते सगळीकडे आणि बाराही महिने साधले आहे असे कोणी म्हणणार नाही. तरी जिथे नळ आला तिथे न्हाणीघर पक्के झाले, ओढ्यावर धुतले जाणारे कपडे दारात धुतले जाऊ लागले, आणि जेवढे पाणी घरात आले त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग साबण, खरकटे आणि तेलकटपणा घेऊन घराबाहेर पडू लागला. पाणी आत आणण्याचा हिशोब काटेकोर झाला, बाहेर नेण्याचा हिशोब मात्र प्रत्यक्षात गल्लीच्या उतारावर सोडला गेला.

आकडे मांडले की विषयाचा आवाका कळतो. तीन हजार लोकसंख्येच्या गावात ५५ लिटरांपैकी माणशी ३६ लिटर सांडपाणी धरले तर रोज एक लाख आठ हजार लिटर पाणी होते. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या दहा-बारा हजार लिटरच्या टँकरच्या हिशोबाने सांगायचे तर रोजचे नऊ-दहा टँकर आपण गटारात ओततो. जिल्ह्याचा हिशोबही करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहत होते. या सगळ्यांना ठरलेले ५५ लिटर मिळाले तर जिल्ह्याच्या खेड्यांतून रोज दहा कोटी लिटरच्या घरात सांडपाणी निघेल. वर्षाकाठी ते सव्वा टीएमसीहून (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) थोडे अधिक भरते. भीमेवरच्या उजनी धरणाच्या सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यापुढे हे काहीच नाही, आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराने जिल्ह्याची तहान भागेल अशी भाषणे जेव्हा होतात तेव्हा हा आकडा आठवावा. सांडपाण्याची व्यवस्था लावायची ती मुख्यतः विहिरींच्या आणि माणसांच्या आरोग्यासाठी. पाणी मिळणे हा त्यातला जोड-फायदा आहे.

भीमाकाठच्या गावांत याहून धारदार आक्षेप ऐकू येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या मार्गाने भीमेत आणि तिथून उजनीत येते, जलाशयावर जलपर्णी माजते, तेच पाणी पुढे पंढरपूरपर्यंत आणि सोलापूरपर्यंत येते. मग तीन हजारांच्या गावाने आपल्या मोरीच्या पाण्याची चिंता का करावी? तक्रारीत तथ्य आहे, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘नमामि चंद्रभागा’ अभियानाचा जाब वरच्या शहरांकडे मागितलाच पाहिजे. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. गावाचे गटार नदीला मिळण्याआधी ओढ्याला मिळते. सोलापूर जिल्ह्यातले बहुतेक ओढे दिवाळीनंतर कोरडे पडतात, म्हणजे मृगाचा पाऊस येईपर्यंत त्यांत जे काही वाहते ते फक्त गटाराचे पाणी असते. त्याला पातळ करणारे दुसरे पाणी नसते. ते थोडे अंतर जाते, डबक्यात थांबते आणि तिथेच मुरते. गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर अनेक ठिकाणी ओढ्याकाठीच असते, कारण पाणी तिथेच लागते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावोगावचे ओढे रुंद आणि खोल केले गेले, त्यांत सिमेंटचे बांध पडले; पाऊस पडला की त्यांत पाणी अडते आणि विहिरींना उतरते. त्याच खोल केलेल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला गटाराचे टोक सोडले असेल तर वर्षातले सात-आठ महिने आपण विहिरीचे पुनर्भरण सांडपाण्याने करत असतो. हे पुण्याने केलेले नाही.

सांडपाणी या एका नावाखाली दोन वेगळी पाणी येतात आणि त्यांची फारकत हा सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. न्हाणीचे आणि भांडी-कपड्यांचे पाणी घाण असते, पण त्यात रोगजंतूंचा भार तुलनेने कमी असतो. शौचालयाचे पाणी पूर्णपणे वेगळे. स्वच्छ भारत अभियानाच्या पहिल्या टप्प्यात बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानाबरोबर दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाची शिफारस होती : एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा आणि मग त्यातले कोरडे, वास नसलेले खत काढायचे. साधी, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध पद्धत. ज्यांच्या हातात थोडा पैसा होता त्यांनी मात्र खड्डा भरण्याच्या भीतीने मोठी सेफ्टी (सेप्टिक) टाकी बांधली आणि तिच्या वरच्या अंगाचा पाइप सरळ गटारात काढला. टाकी घट्ट मैला खाली बसवते, पण वरून वाहणारे पाणी जंतुमुक्त करत नाही. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी असे पाइप काढले की साऱ्या गल्लीचे साधे सांडपाणी मैलापाणी होते. मग ते परसबागेला देता येत नाही, उघड्या गटारातून नेता येत नाही आणि त्यावरची प्रक्रिया कितीतरी अवघड होते. म्हणून ग्रामपंचायतीला खरोखर काही करायचे असेल तर पहिले काम पैशाचे नाही. गल्लीगल्लीतून फिरून असे पाइप मोजायचे, त्या घरांना टाकीपाठोपाठ शोषखड्डा घ्यायला लावायचा आणि पाइप बंद करायचे. हे काम सरपंचाला मते मिळवून देत नाही, उलट चार घरांशी वाकडे येते, आणि ते मागे पडण्याचे कारणही तेच आहे.

उरलेल्या साध्या पाण्यासाठी शोषखड्डा हे उत्तर सगळेच देतात. नांदेड जिल्ह्यातून पुढे आलेला ‘मॅजिक पिट’ आता राज्यभर माहीत आहे : चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध छिद्रांची सिमेंटची टाकी, भोवती दगड, आणि पाणी आत जाण्यापूर्वी गाळ अडवणारी छोटी कुंडी. रोजगार हमीच्या कामांतही त्याचा समावेश आहे. नांदेडच्या ज्या गावांनी हे खड्डे घरोघर केले त्यांची गटारे आणि डास दोन्ही कमी झाले, याबद्दल वाद नाही. अडचण आहे ती आपल्या मातीची. पाच माणसांच्या घरातून रोज १८० लिटर पाणी निघते आणि अशा खड्ड्याच्या चार भिंतींचे क्षेत्र सहा चौरस मीटरच्या आत येते, म्हणजे दर चौरस मीटरला रोज तीस लिटरच्या वर पाणी मुरले पाहिजे. वाळूसारख्या मोकळ्या थरात पन्नास लिटरपर्यंत मुरते. ओली झाली की फुगणाऱ्या चिकण मातीत मात्र दहा लिटरही मुरत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या खोल काळ्या रानात नुसत्या ओलाव्यावर येते, ते रान पाणी धरून ठेवते म्हणूनच येते. त्याच रानातल्या वस्तीवर शोषखड्डा घेतला तर तो काही महिन्यांत तुंबणार, हे शेतकऱ्याला सांगावे लागू नये. पण कागदावर मात्र साऱ्या जिल्ह्याला एकच नकाशा जातो. उद्दिष्ट आले की खड्डे होतात, फोटो चढतात आणि पहिल्या पावसाळ्यात अर्धे खड्डे डबकी होतात. मग लोक म्हणतात, शोषखड्डा चालत नाही.

वास्तविक आपल्या जिल्ह्यात माती दर कोसाला बदलते. बार्शीच्या आणि सांगोल्याच्या माळाला हात-दीड हातावर मुरूम लागतो आणि तिथे शोषखड्डा वर्षानुवर्षे चालू शकतो. गावठाणाची पांढरी माती शेतातल्या काळीपेक्षा वेगळी वागते. खोल काळीत खड्डा घ्यायचाच असेल तर तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि तिथे विहिरीपासूनचे अंतर तपासावे लागते, कारण मुरमातून आणि फुटलेल्या काळ्या पाषाणातून पाणी न गाळता दूर जाऊ शकते. याची परीक्षा करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक आळीत एक खड्डा खणावा, आदल्या दिवशी पाण्याने भरून माती भिजवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून रात्रभरात पाणी किती उतरले ते काठीने मोजावे. ज्या आळीत पाणी उतरते तिथे घरोघर शोषखड्डे आणि जिथे परस आहे तिथे परसबाग. जिथे उतरत नाही तिथेच गटार. शेतातल्या वस्त्यांना तर गटाराची गरजच नाही, कारण त्यांच्याकडे पाणी द्यायला जमीन आहे. असा नकाशा आधी केला तर पाच किलोमीटर गटाराचे काम दोन किलोमीटरवर येऊ शकते. ठेकेदाराला हे आवडणार नाही, पण आराखडा त्याच्यासाठी करायचा नसतो.

जिथे गटार हवे तिथे ते बंदिस्त असावे, शहरासारखे भुयारी असावे, अशी आता मागणी असते. रस्ता मोकळा होतो, वास दडतो, गाव सुधारल्यासारखे दिसते. पण भुयारी गटाराला पाणी लागते. नळीत घाण बसू नये म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर असावा लागतो आणि शहरांची अशी गटारे माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरून आखलेली असतात. ५५ लिटरच्या, तेही दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर हा वेग मिळत नाही. नळी बसते, चेंबर भरते आणि झाकण काढून आत उतरण्यासाठी माणूस शोधला जातो. कमी पाण्याचा आणखी एक परिणाम असा की आपले सांडपाणी शहरापेक्षा दाट असते, आणि शहराच्या मापाने बनवलेली तयार यंत्रे त्याच्यापुढे लवकर हात टेकतात.

यंत्रांबद्दल मी थोडे कडक बोलणार आहे. पत्र्याच्या किंवा फायबरच्या टाकीत हवा सोडून जंतूंकडून पाणी शुद्ध करून घेणारे छोटे प्रकल्प आता गावांनाही विकले जातात. तंत्र खोटे नाही. जागा नसलेल्या मोठ्या बाजारगावाला त्याचा विचार करावा लागेल. पण त्यातले जंतू हवेवर जगतात आणि हवा विजेवर येते. ज्या ग्रामपंचायतींना दिवाबत्तीचे बिल वेळेवर भरता येत नाही, जिथे पाणी सोडणारा एकच कर्मचारी वसुलीचेही काम करतो, तिथे चोवीस तास ब्लोअर चालवण्याची जबाबदारी कोण घेणार? वीज एक-दोन दिवस गेली तर जंतू मरतात आणि पाणी आल्या रूपात बाहेर पडते. तेव्हा प्रकल्पाचे उद्घाटन झालेले असते, देखभालीचा करार संपलेला असतो, आणि कुंपणाच्या आत गंजणारी मोटर हीच गावाची प्रक्रिया उरते.

सोलापूरला निसर्गाने दोन गोष्टी भरपूर दिल्या आहेत, ऊन आणि चिकण माती, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सर्वांत जुनी, बिनविजेची पद्धत नेमकी याच दोन गोष्टींवर चालते. स्थिरीकरण तळे म्हणजे ओळीने खणलेली दोन-तीन तळी. पहिले खोल, त्यात गाळ बसतो आणि तळाशी हवेविना कुजतो. दुसरे दीड मीटरच्या आसपास, त्यात शेवाळ उन्हावर प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जंतू घाण खातात. शेवटचे उथळ, त्यात कडक ऊन रोगजंतू मारते. जंतांची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. जी काळी माती शोषखड्ड्याला नडते तीच तळ्याचा तळ धरून ठेवते. जिथे मुरूम आहे तिथे बाहेरून काळी आणून दाबावी लागते किंवा प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो, आणि शेततळ्याला कागद अंथरणारे हात सांगोल्यापासून बार्शीपर्यंत गावोगाव आहेत. जागेचा हिशोबही अवाक्यातला आहे. तीन हजार वस्तीचे सगळे पाणी पंधरा दिवस दीड मीटर खोलीत धरायचे तर पाण्याचा पृष्ठभाग अकरा गुंठ्यांच्या आत येतो, बांध-वाट धरून वीस गुंठे. अर्धे पाणी शोषखड्ड्यांत आणि परसबागांत मुरले तर दहा गुंठे पुरतात. गावाजवळ उताराला इतकी गायरान किंवा पडीक जमीन बहुतेक गावांत निघते, मात्र तिच्यावर अतिक्रमण होण्याआधी ती राखून ठेवली पाहिजे. जागा याहूनही कमी असेल तर खडी-वाळूच्या थरात कर्दळ आणि पाणकणीस लावून मुळांच्या परिसरातून पाणी झिरपवण्याची पद्धत आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे ‘फायटोरिड’ तंत्र याच कुळातले. त्यात मात्र खडी तुंबण्याचा धोका असतो आणि गाळ आधी नीट अडवावा लागतो.

तळ्यावर आक्षेप येतो तो डासांचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सोलापूर हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यातच वाढतो. पण आजही तो गावभर पसरलेल्या डबक्यांत आणि तुंबलेल्या गटारांत वाढतोच आहे. तळ्यात तो वाढतो तो काठच्या गवतात. काठ दगडाने बांधला, गवत महिन्याला काढले, गप्पी मासे शेवटच्या तळ्यात सोडले तर त्याला आवरता येते. डेंग्यूचा डास वेगळा, तो घरातल्या रांजणात आणि छतावरच्या टाकीत वाढतो, म्हणून गटारे साफ झाली की डेंग्यू जाईल असे आश्वासन कोणी देऊ नये. तळ्याला कुंपण मात्र हवेच. लहान मुले आणि जनावरे यांच्याबाबत कुचराई परवडणारी नाही.

पालखी मार्गावरच्या गावांचा प्रश्न थोडा निराळा आहे. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी इथे आषाढीच्या आधी एक-दोन दिवसांत गावाच्या कित्येक पट माणसे येतात. त्या गर्दीच्या मापाने कायमची व्यवस्था बांधली तर ती उरलेले वर्ष कोरडी पडते आणि बिघडते. वारीसाठी फिरती शौचालये आणि मैला वाहून नेणारे टँकर, गावासाठी गावाच्या मापाचे तळे, अशी विभागणीच व्यवहार्य आहे. साखर कारखान्यांचे आणि दूध संघांचे सांडपाणी हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीतला वेगळा विषय असल्याने त्यात इथे शिरत नाही.

तळ्यातून बाहेर पडलेले पाणी पिकाला द्यायचे तर कोणत्या? कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घातलेली मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,००० विष्ठाजन्य जंतू आणि लिटरमागे जंताचे जास्तीत जास्त एक अंडे अशी होती. गावपातळीवर हे नियमित तपासणे शक्य नसल्याने कोथिंबीर-मुळ्याच्या वाटेला जाऊ नये. उसाला द्यावे असे अनेकांना वाटेल, कारण आपल्याकडे पाणी दिसले की ऊस दिसतो. तीन हजारांच्या गावातून तळ्यापर्यंत पोहोचणारे निम्मे पाणी वर्षाला वीस हजार घनमीटरच्या आत राहते आणि एक हेक्टर ऊस तेवढे एकटा पितो. तेच पाणी दोन महिने साठवले तर पाचेक हेक्टर ज्वारीला एक संरक्षित पाळी देता येते, किंवा वर्षभर मका, कडवळ, नेपिअर असा चारा घेता येतो. दुष्काळात चारा छावण्यांपुढे रांगा लावणाऱ्या तालुक्यांत गावाचा स्वतःचा हिरवा चारा असणे ही छोटी गोष्ट नाही. एक काळजी घ्यावी लागेल. साबण-सोड्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठत गेला की ती चोपण होते, तिचा निचरा जातो. म्हणून एकाच तुकड्याला वर्षानुवर्षे हे पाणी देऊ नये, दोन-तीन वर्षांनी मातीची तपासणी करावी आणि सांगितले तर जिप्सम टाकावे. खालच्या विहिरीतला नायट्रेटही पाहावा, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे जे प्रशिक्षण देण्याचे ठरले त्याचा याहून चांगला उपयोग नाही.

पैशाचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्यावरच्या गावाला ६६० रुपये अशी कमाल मर्यादा ठेवली गेली, त्यातला ३० टक्के हिस्सा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. म्हणजे तीन हजारांच्या गावाला आठ लाख चाळीस हजार, त्यात स्वतःचे दोन लाख बावन्न हजार. एवढ्यात गावभर पक्के गटार होत नाही, पण चाळणी लावलेले छोटे गटार, गाळकुंड्या आणि मातीची तळी यांची सुरुवात नक्की होते. मर्यादेची रचना मात्र विचित्र आहे : ४,९०० लोकसंख्येच्या गावाला पावणेचौदा लाखांच्या आत आणि ५,१०० च्या गावाला साडेतेहतीस लाखांवर. पाच हजारांच्या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांच्या पाण्यात असा अडीच पटींचा फरक नसतो.

खरी अडचण बांधल्यानंतरची आहे. गाळकुंडी दर पंधरवड्याला उपसावी लागते, चाळणी रोज, तळ्यातला गाळ काही वर्षांनी. हे काम कोण करणार, याचे गावाकडे एक न बोललेले उत्तर तयार असते, आणि ते जातीचे उत्तर असते. उताराच्या टोकाला, जिथे गटार संपते, तिथे कोणाची घरे आहेत हेही गावाला ठाऊक असते. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणे आणि संरक्षण साधनांविना माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा व्यवस्थेची निवडच अशी व्हावी की कोणाला आत उतरावे लागू नये : उथळ कुंड्या, लांब दांड्याचे फावडे, टाक्या उपसायला यंत्र असलेला टँकर, आणि त्या टँकरने मैला ओढ्यात न टाकता कुठे नेऊन टाकायचा याचा लेखी ठराव. गाळ काढण्याचे काम नियमित वेतनाचे असावे, ते ठरावीक घरांना वंशपरंपरेने जाऊ नये, आणि आरोग्य कराची जी रक्कम घरपट्टीबरोबर वसूल होते ती या वेतनासाठी राखून ठेवावी. बांधकामाला पैसे आणि देखभालीला ‘पाहू’ असे म्हणणारा आराखडा ग्रामसभेने मंजूरच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा मुद्दा हक्काचा. गटाराच्या तोंडाला इंजिन लावून उसाला पाणी ओढणारे शेतकरी आजही अनेक गावांत आहेत, आणि तळे झाले की स्वच्छ पाण्यावर पहिला दावा त्याच शेजारच्या बांधावरून येईल. तळ्यासाठी जागा आणि पैसा साऱ्या गावाचा, पाणी साऱ्या घरांचे, तर ते शेजारच्या रानाला फुकट जाण्याचे कारण नाही. गायरानावर चाऱ्याचा तुकडा करून तो भूमिहीन पशुपालकांना किंवा महिला बचत गटाला वर्षाच्या बोलीने द्यावा, एका घराला सलग दोन वर्षांहून अधिक काळ नको, ऊस नको, कच्ची भाजी नको, या अटी करारात लिहाव्यात, येणारी रक्कम गाळ काढण्याच्या आणि काठ राखण्याच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी, आणि त्या खात्याचा जमाखर्च दर वर्षी पाणीपट्टीच्या जमाखर्चासोबत ग्रामसभेत वाचून दाखवावा.